वारेकची चटई

मातेवा बेट, दक्षिण समुद्र, १८८१

प्रिय आई,

मी बरा आहे, ताप उतरलाय. तुझे गुडघे कसे आहेत?

मिशनच्या शाळेसाठी मी इथून नेलेला वारेक छातीच्या आजाराने गेला. तेच सांगायला त्याच्या आईकडे, तेवानूकडे आलो. ती रडली नाही.

"बिशप झालास म्हणून सुटशील होय? ज्याने लेकरू नेलं, त्याने लेकरू द्यायचं. आमची रीत ठाऊक आहे ना?"

"मला मूल नाही," मी म्हणालो.

"आई आहे ना? मग तू कुणाचं तरी लेकरू आहेसच."

तिने वारेकची झोपायची चटई माझ्यापुढे अंथरली.

जहाज उद्या माझ्याशिवाय निघेल. त्यातूनच हे पत्र येईल. ती मला वारेक म्हणून हाक मारते. आज मी ओ दिली.

नाताळला माझी खुर्ची मांडू नकोस.

तुझा होतो तो,
अँब्रोज