अर्थिंग

९ जून, सोमवार

पोचले एकदाची! मिरजेहून निघताना आईला काळजी होती की कुंभकोणमला माझ्याशी मराठीत बोलणार कोण, आणि इथे घरमालकीणच मराठी निघाली. भुवनेश्वरीअम्मा. यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावूरला आले ते इकडचेच झाले. बोलणं ऐकून पोथी वाचल्यासारखं वाटतं. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हें कोठें ठेवायचें, पोरी?" मला हसूच आलं.

माडीवरची खोली मस्त आहे. लाल सिमेंटची गार फरशी, दोन खिडक्या, खाली पितळी भांडीवाल्यांची ठोकठोक. पुढच्या महिन्यापासून इथल्या शाळेत गिटार शिकवायची. त्याआधी चेन्नईचा संगीतकार शशांक, त्याच्यासाठी इथूनच रेकॉर्डिंग करून पाठवायचं. सिनेमाचं माझं पहिलंच काम! अम्मांनी कॉफी वर आणून दिली आणि गिटारकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

११ जून, बुधवार

गिटार जोडली आणि घूंऽऽऽ. थोडी घरघर सगळ्याच इलेक्ट्रिक गिटारींना असते, पण ही म्हणजे पिठाची गिरणी. ट्यूब बंद केली. पंखा बंद केला. केबल बदलली, पेडलं काढून गिटार थेट जोडली, लॅपटॉपचा चार्जर उपटला. ढिम्म फरक नाही. शेवटी गळ्यात गिटार अडकवून खोलीभर गोल फिरले, खिडकीकडे तोंड केल्यावर कमी, भिंतीकडे केल्यावर जास्त. घामाने थबथबले. अम्मांनी ठेवलेला अंबट-भात, म्हणजे त्यांचं आंबट वरण नि भात, गार झाला तो वेगळाच.

१४ जून, शनिवार

शशांकचा फोन. वाजवलंय छान, पण मागे घरघर आहे. एकसारखी असती तर काढता आली असती. ही मधेच दबते, मधेच उसळते. शुक्रवारपर्यंत स्वच्छ टेक दे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेतो म्हणाला. सांगायला काय जातं!

दिवसभर गिटार उघडून बसले. आतून तांब्याची पट्टी चिकटवली, सगळे जोड पुन्हा डागले, बोट भाजून घेतलं. जोडली. घूंऽऽऽ. खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली.

१६ जून, सोमवार

तारांवर हात ठेवला की घरघर दबते, काढला की पुन्हा सुरू. यात काही नवल नाही, सगळ्या गिटारवाल्यांना हे ठाऊक असतं. पण आज भर दुपारी गिटार स्टँडवर होती, मी कॉफी घेऊन समोर बसले होते, आणि घरघर दबली. कुणी अलगद तळहात टेकवावा तशी. मग उसळली. मग पुन्हा दबली.

जोड सैल असणार. दुसरं काय असणार? उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. येतो म्हणालाय तरी.

१८ जून, बुधवार

काल आलाच नाही. आज आला. कृष्णकुमार नाव. मीटर लावून म्हणाला, अर्थिंग एकदम ठीक. मग बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतून खाली जाते आणि जिन्याखाली तुटून लोंबते. जमिनीपर्यंत पोचतच नाही. तरी मीटर म्हणतो ठीक. मी वैतागून विचारलं, मग करंट जातो कुठे? त्याने दुसरा मीटर आणला. तोही तेच म्हणतो.

त्याने अम्मांना तमिळमध्ये काहीतरी विचारलं. त्या तडक आत निघून गेल्या.

१९ जून, गुरुवार

अम्मांनी आज सांगितलं. त्यांचा मुलगा विष्णुवर्धन. याच खोलीत गिटार वाजवायचा. वायर तेव्हाही तुटलेलीच होती. एक हात तारांवर, दुसरा माइकवर, आणि शॉक लागून चिकटला. त्या धावल्या, तर नवऱ्याने त्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "शेवटास हात धरूं दिला नाहीं मला," म्हणाल्या.

मी ओरडलेच. हे माहीत असून ही खोली मला दिलीत?

"तुझी गिटार ऐकून तो येईल म्हणून दिली."

वर जाऊन कृष्णकुमारला फोन लावला. उद्या नवं अर्थिंग होईल. टेक पाठवते आणि निघते.

२० जून, शुक्रवार

खड्डा खणला, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं नवं. घरघर गेली. पार गेली! टेक पाठवला.

शशांक म्हणाला, आता स्वच्छ आहे. फक्त मागे कुणीतरी श्वास घेतंय, माइक बंद कर.

मी माइक लावलाच नव्हता. गिटार थेट लॅपटॉपला—

आजची शेवटची गाडी गेली. अम्मांच्या खोलीत झोपते.

२१ जून, शनिवार

सकाळी सामान बांधलं. पेटीत ठेवायला गिटार उचलली. केबल नाही, काही नाही. डावा हात तारांवरून सुटत नाही.

अम्मांना हाक मारली. त्यांनी खाली मेन स्विच पाडला. सुटत नाही. फोन पलंगावर राहिलाय, वही मांडीशी आहे. कुणाला तरी कळावं म्हणून—

माझ्या बोटांवर बोटं आहेत. गार नाहीत. थरथरताहेत. तो दाबत नाहीये. धरून राहिलाय.

लाइट नाही तरी अ‍ॅम्प घूं—

अम्मा जिन्यात. ओरडले, लांब राहा, मला हात लावू नका—

दारात आल्या. घाबरलेल्या नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. माझ्या शेजारी बघताहेत.

"विष्णू, सोड तिला. मी आलें."

त्यांनी हात पुढे केलाय. करंगळी सुटली माझी. दुसरं बोट— घरघर वाढतेय— आता त्यांना धरून ठेवायला नवराही नाही. माझा उजवा हात मोकळा आहे, पेन टाकून त्यांना मागे ढकल—