मीठ काढायला गोडं पाणी

नाना,

समुद्रातून वर आलेला कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, हे मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं. पाण्याखाली फोटो काढायचे तर कॅमेरा एका पाणबंद पेटीत घालून न्यायचा, आणि वर आलं की पेटीच्या बटणांच्या फटीत शिरलेलं मीठ वाळायच्या आत काढायचं, नाहीतर बटणं अडकून बसतात. तुम्ही लगेच विचारलं होतं, "किती पाणी लागतं?" मी म्हणाले, "लागतं बादलीभर." तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. आज सकाळी तारकर्लीहून आले, पेटी टबात ठेवली, आणि नेहमीसारखं दुसरं काहीतरी काम काढून तिथून निघायला गेले, पण निघाले नाही. बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसून राहिले. म्हटलं, किती वर्षं पळायचं? म्हणून हे लिहायला घेतलंय.

पोहायला मला तुम्हीच शिकवलं. करमाडच्या आपल्या विहिरीत, पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून. मोठे काका काठावरून ओरडतायत, "पोरीच्या जातीला काय पोहायला शिकवायलास रे? समुद्रात धाडायचीय का तिला?" आणि तुम्ही माझ्या कमरेचा दोर हातात धरून शांतपणे म्हणताय, "विहिरीत पडून मरण्यापरीस बरं हाय ना." काकांच्या तोंडात साखर पडो म्हणायची वेळ पुढं आलीच. चाळिशी जवळ आल्यावर कंपनीतल्या मैत्रिणींच्या नादानं मालवणला गेले, पाठीला हवेची टाकी बांधून खाली उतरले आणि पार वेडी झाले. घरी येऊन तुम्हाला सगळं सांगितलं तर तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. "म्हंजे अजून डब्यावरच पोहायलीस व्हय तू? आन् त्याचे पैसे बी भरलेस वर?" पण पुढच्या खेपेला मी कॅमेरा नेला, आणि लॅपटॉपवर पहिला फोटो लावला तेव्हा तुम्ही चष्मा पुसून जवळ आलात. सगळं निळं-हिरवं. तुम्ही विचारलंत, "लाल कुठं गेला?" बाकी सगळ्यांनी मासा कोणता म्हणून विचारलं होतं. मी सांगितलं, खाली गेलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, तो परत आणायला फ्लॅश लागतो. तुम्ही मान डोलावली. "आपल्या फोटोच्या कागदालाबी लाल दिसत नसायचा. म्हणून तर डार्करूममधी लाल बल्ब." त्या दिवशी लई वेळ आपण दोघं त्या एका फोटोसमोर बसलो होतो.

तुमची डार्करूम मला अजून वासावरून आठवते. उस्मानपुऱ्यातला तो फोटो स्टुडिओ, पुढं पासपोर्टवाल्यांचं स्टूल, मागं पडद्याआड तुमचं अंधारं राज्य. मी शाळेत असताना दुष्काळ पडला आणि फोटो धुवायला पाणी मिळेना. हायपोच्या पाण्यात फोटो पक्का होतो, पण तो हायपो धुऊन काढला नाही तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. तुम्ही तीन ट्रे मांडलेत. शेवटच्या ट्रेतलं पाणी फेकायचं नाही, ते दुसऱ्या दिवशी पहिल्या ट्रेत. मग विहिरीत टाकतात ते जांभळं औषध, त्याचा एक थेंब शेवटच्या पाण्यात सोडायचात. रंग टिकला तर फोटो स्वच्छ. उडाला तर तुम्ही म्हणायचात, "एका पाण्यात निघत नसतंय ते. अजून एक." एकदा लग्नाची ऑर्डर अडली होती आणि स्टुडिओतला ड्रम कोरडा. मी शहाणपणा करून घरून कळशी भरून आणली. वाटलं, शाबासकी मिळणार! तुम्ही कळशीकडं बघितलं आणि तुमचा चेहराच बदलला. "हे घरचं हाय. तुझ्या आईनं रांगेत उभं राहून भरलंय. घरचं पाणी धंद्याला लावायचं नाय. जा, ठिऊन ये." कळशी परत नेताना मी गल्लीभर रडत गेले. तुमची गिऱ्हाइकं म्हणायची, या माणसाच्या हातून पाण्याचा थेंब वाया जायचा नाही. ते लई खरं होतं.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि स्टुडिओचं शटर एकदाचं खाली आलं. करमाडची जमीन प्लॉटिंगला गेली. विहिरीत मुरूम टाकून ती बुजवली, तिच्यावरून आता कुणाच्या तरी बंगल्याचं फाटक उघडतं. आपल्या वाट्याला जे आलं त्यातून जालना रोडच्या आतल्या बाजूला हा फ्लॅट घेतला. आईला तो फार दिवस लाभला नाही. राहिलो आपण दोघं, तुम्ही आणि लग्न न केलेली मी. शहर वाढतच होतं, आणि नळाला पाणी आलं की लोक कामावर रजा टाकून घरी थांबत होते. त्यात परत दुष्काळ आला. बिल्डिंगला गच्चीवर एकच टाकी, ती टँकरनं भरायची. तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये नियम झाला की, कुणी नळ धारेला सोडून काम करायचं नाही, बादलीत काढायचं आणि नळ बंद करायचा. हा नियम तुम्हीच सुचवला होता. मी तिथं होते, मला चांगलं आठवतंय.

त्या रविवारी मी मालवणहून आले. तिथं सामान धुवायला हौद असतो, पण बस गाठायच्या घाईत राहून गेलं. रात्रभराच्या प्रवासात पेटीवर मीठ वाळून पांढरं पडलं होतं. एक बटण दाबलेलं वरच येईना. तुम्ही मला चहा करून दिलात, बाथरूममध्ये जाऊन पाय धुतलेत आणि खाली लिंबाखालच्या बाकड्यावर जाऊन बसलात. मी पेटी टबात ठेवली. बादलीभर पाण्यात भिजवली असती तरी चाललं असतं, उगाच खोटं का बोलू. पण वाहत्या पाण्याखाली बटण लवकर सुटेल असं वाटलं. नवीकोरी पेटी, जीव तिच्यात अडकलेला. म्हटलं, पाचच मिनिटं. नळाची धार सोडली आणि दिवाणावर जरा पाठ टेकली.

जाग आली ती जिन्यातल्या आरडाओरड्यानं. नळातून नुसती हवा फुसफुसत होती. टब भरून वाहून टाकीत होतं-नव्हतं ते सगळं पाणी मोरीतून गेलेलं. गच्चीवरची टाकी ठणठणीत, आणि टँकर संध्याकाळशिवाय यायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंची लेक तेव्हा बाळंतीण. तिला आणि बाळाला तेल लावून झालं होतं, आणि आंघोळीला पाणीच नाही. दारावरची बेल वाजली. आणि नाना, आता जे लिहितेय ते मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. मी आधी दार उघडलं नाही. आधी पेटी टबातून काढली, टॉवेलात गुंडाळली, पलंगाखाली सरकवली. मग दार उघडलं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्यामागं काकू, आणि सगळ्यांच्या मागं कठडा धरत धरत चढून आलेले तुम्ही. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुमच्याच पाइपमधून पाण्याचा आवाज येत होता." मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, "नानांकडून नळ राहिला असेल हो. हल्ली विसरतात ते." किती सहज तोंडातून गेलं! तुम्ही काहीच विसरत नव्हता. मला माझी चष्म्याची जागा तुम्ही सांगायचात. तुम्ही माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं पाहिलं. "व्हय... पाय धुतले होते मी. राहिला असंल." आणि काकूंच्या पुढं दोन्ही हात जोडलेत. "बाळंतिणीचं पाणी तोडलं म्या. माफ करा बाई." काकू बिचाऱ्या म्हणाल्या, "असू द्या हो नाना, वय झालं की व्हायचंच." संध्याकाळी टँकर आला तेव्हा पहिली बादली तुम्ही स्वतः त्यांच्या दारात नेऊन ठेवलीत. मी गॅलरीतून बघत होते. तेव्हा तरी खाली जाऊन सांगता आलं असतं, पण माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून तुम्ही नळ बंद केला की आतून मोठ्यानं सांगायला लागलात, "बंद केला गं." हात धुतले, बंद केला गं. गुळणी केली, बंद केला गं. मी ऑफिसच्या फोनवर असले तरी तुमची हाक यायची आणि मी "हो नाना" म्हटल्याशिवाय तुम्ही बाहेर यायचा नाहीत. पुढं पुढं आंघोळीचं पाणीही स्वतः काढेनासे झालात. "तूच काढून ठिव, माझं काय खरं नाय." मीटिंगला जायचं बंद केलंत. लिंबाखालच्या बाकड्यावर लोक प्रेमानंच चेष्टा करायचे, "नाना, नळ बघून आलात ना?" तुम्ही हसायचात, आणि दोनदा तर खरंच परत वर बघायला आलात.

मी मनाची समजूत कशी घातली होती, तेही सांगते. मला वाटायचं, तुम्हाला सगळं कळलंय. बापच तुम्ही, लेकीची चार लोकांत लाज राखली. ओला टब, गायब झालेली पेटी, हे तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटेल होय? आणि ते "बंद केला गं" म्हणजे मला मारलेली कोपरखळी आहे, असंही वाटायचं. राग यायचा कधीकधी. असं धरून चाललं की बरं पडायचं मला. तुम्ही थोर झालात की मी निम्मी सुटलेच.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. एका दुपारी मी पेज भरवत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "एक इचारू का? खरं सांगशील?" मी म्हणाले, "विचारा की." "त्या दिवशी मी पाय धुतले ते आठवतंय. नळ बंद करताना दोन्ही हातानं पिळला, तेबी आठवतंय. थंडगार होता नळ. मग कसा काय राहिला गं तो?" तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही मला वाचवलं-बिचवलं नव्हतं. तुम्हाला स्वतःचं लख्ख आठवत होतं, आणि तरी तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःला खोटं ठरवलं होतंत. इतकी वर्षं. आणि मी काय म्हणाले? "जाऊ द्या ना नाना, किती जुनं ते. पेज घ्या." तुम्ही तोंड उघडलंत. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

आज सकाळी सामान घेऊन चढत होते तर काकू जिन्यात भेटल्या. ते तेल लावलेलं बाळ आता शाळेत जातं. काकू नव्या भाडेकरणीला माझी ओळख करून देत होत्या, "यांचे नाना म्हणजे देवमाणूस हो. तेवढे नळ बंद करायला विसरायचे फक्त." आणि मी हसले. नाना, मी हसले!

नळ तुम्ही बंद केला होता. दोन्ही हातांनी पिळून. उघडा मी ठेवला, कॅमेऱ्यासाठी. तुमच्या हातून पाण्याचा थेंब वाया गेला नाही, तेव्हाही नाही.

लिहिलं एकदाचं. पण तुम्हाला सांगणं त्या मानानं सोपं आहे, तुम्ही उलटून काही विचारणार नाही. काकू विचारतील. मघाशी असं ठरवलं होतं की टबातलं पाणी बदलायचं आणि तडक खाली जाऊन त्यांना सांगून यायचं. पाणी बदलून झालं, नळ बंद करून झाला, नेहमीसारखं "बंद केला" असं मोठ्यानं म्हणूनही झालं. मी अजून वरच आहे.