यशोधनला दुसरी बायको पाहिजे

४ नोव्हेंबर, दुपारी अडीच
आजपासून रोज लिहिणार. ज्याला मतं आहेत त्यानं लिहून ठेवावीत.
मी शिवप्रकाश, मुक्काम वालूर, सध्या गोव्यातल्या हॉटेलात रूम साफ करतो. आठवीत गणितानं घात केला, नाहीतर फिल्म लाइनलाच गेलो असतो. पण इथं प्रत्येक रूमला टीव्ही आहे. चादर बदलता बदलता पिक्चर होतो.
आज 'आग का दरोगा' बघितला. २०१ मध्ये हिरो रेल्वेवर उडी मारतो, २०३ मध्ये तो दवाखान्यात, २०६ मध्ये एकदम दोन हिरो. दुसरा भाऊ कधी आला ते डायरेक्टरनं सांगितलंच नाही. दोन स्टार. स्टेटसला टाकलं. एकोणीस जणांनी बघितलं.
संकल्प : रोज एक रिव्ह्यू. मॅनेजर मजल्यावर असला की टीव्ही बंद.

६ नोव्हेंबर
बहिणीचा, राजेश्रीचा, वालूरहून फोन. स्थळ आहे. पाथरीच्या शिवाप्पांची महेश्वरी. किराणा दुकान आहे, पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. फोटो पाठवला. स्कूटीला टेकून उभी आहे, हसत नाही. हसायचं कारण नसताना न हसणारी माणसं मला आवडतात. फोटो चौदा वेळा बघितला.
याआधी दोन स्थळं हॉटेल म्हणताच परत गेली. हे गेलं तर आई जेवण सोडील, असं राजेश्री म्हणली. मी स्वतःबद्दल काही म्हणलो नाही, पण फोन ठेवल्यावर पंधरावी वेळ.
सीझन संपेपर्यंत सुट्टी नाही, म्हणून मुलीची आत्या गौराबाई फोनवर बोलणार. त्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. राजेश्री म्हणली, दादा, कमी बोल. मी म्हणलो, मी कुठं जास्त बोलतो. तिकडं ती अन् दाजी दोघं हसायले.

९ नोव्हेंबर, सायंकाळ
गौराबाईंचा फोन. चाळीस मिनिटं. पगार नाही, शेत नाही, काही विचारलं नाही. म्हणल्या, 'उंबरठ्याची शपथ' सिरीयल बघता का. आता हे मला विचारणं म्हणजे.
त्या म्हणल्या, सानिका बँकेत नोकरी करायलीय अन् सासूला खपंना, तुमाला काय वाटतं, करावी का सोडावी. मी म्हणलो, सोडलीच पाहिजे. ती बँकेत गेली की घर रिकामं, कथा हलत नाही. आठवडाभर स्वयंपाकघरात कोंडा, मग बघा.
गौराबाई म्हणल्या, असं का. मग विचारलं, परवा सासूनं तिला हाणलं अन् नवरा यशोधन नुस्ता बघत उभा, त्यानं काही बोलावं का न्हाई. मी म्हणलो, अजिबात नाही. बोलला की भांडण मिटलं, एपिसोड संपला. त्यानं फक्त तीनदा बघायचं, वारा सुटला पाहिजे.
पलीकडून म्हणल्या, बरं.
मुंजाजी माझा रूम पार्टनर, हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासतो. सगळं ऐकून म्हणला, लेका, बाई परीक्षा घ्यायलीय. मी म्हणलो, कळतंय मला. अन् मी पास झालोय.

११ नोव्हेंबर
राजेश्रीनं विचारलं, तू काय बोललास, गौराबाई आपल्या गल्लीत विचारायल्यात की आपली आई हात उचलते का म्हणून. बायकांचं काही सांगता येत नाही.
दुसरी किरकोळ गोष्ट. 'सफेद कुवा' अगदी शेवटावर आला होता, म्हणून २०६ मध्ये जरा पलंगावर टेकलो. पाव्हणे लवकर परतले. आता मॅनेजरनं मला फक्त बाथरूम दिलेत. तिथून नुसता आवाज येतो. पण खरा जाणकार आवाजावरूनही सांगतो. चुडैल चांगली किंचाळते. तीन स्टार.

१५ नोव्हेंबर
गौराबाईंचा दुसरा फोन. स्पीकरवर होता. शिवाप्पा खोकले, बांगड्या वाजल्या. म्हणजे माझी मतं ऐकायला अख्खं घर बसलं होतं.
म्हणल्या, सानिकाला तीन वर्षं झाली लेकरू न्हाई, आता यशोधननं काय करावं.
इथं मी सगळा अनुभव लावला. म्हणलो, दुसरी बायको. उशीर नको, बुधवारी आणा, बुधवारी बायका जास्त बघतात. पहिलीला हाकलायचं नाही, दोघी एकाच घरात, एकाच रंगाच्या साड्यांत.
शिवाप्पा लांबून म्हणले, अन् पहिलीनं कटकट केली तर.
मी म्हणलो, महिनाभर माहेरी पाठवा, तिलाही आराम.
मागून एका पोरीचा आवाज आला, आत्या, त्यांना विचार, ह्यांच्या घरात असंच चालतं का. महेश्वरीच असणार. मला एकदम हुरूप आला. मी म्हणलो, घर माझ्या हातात द्या, तीन वर्षं असंच चालवून दाखवतो, एक दिवस खाडा नाही.
फोन कट. पाथरीला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

१६ नोव्हेंबर, सकाळी नऊ
दोन बायका कमी पडतील असं वाटलं. गौराबाईंना अकरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. तिसरी कॉलेजातली जुनी मैत्रीण पाहिजे, हे कारणासकट समजावलं. निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. पटलं असणार.

१९ नोव्हेंबर
स्थळ परत गेलं.
मध्यस्थ दत्तरावांनी निरोप दिला, पोरगा कामाचा हाय पण विचार लय वंगाळ. तीन बायका करायच्या म्हणायलाय.
राजेश्री फोनवर आधी रडली, मग मला झाडलं. म्हणली, दादा, नवरदेवाला तोंडावर कुणी विचारतं का, बायकोला नोकरी करू देशील का, मारशील का. बायका असं सिरीयलवरूनच विचारतात. तुझ्या दाजींना मी मालिकेतल्या बेवड्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणले, त्याच्या बायकोचं वाईट वाटतं. तेवढ्यावर मी हो म्हणले.
हे मला कुणी आधी सांगायचं ना. रिव्ह्यू वेगळा अन् माणूस वेगळा. मी महेश्वरीला बी.ए. पुरं करू दिलं असतं. पुढं एम.ए. म्हणली असती तर तेही. दिवसभर लोकांच्या चादरी झटकणारा माणूस घरात कुणाला कशाला झटकील.
गौराबाई फोन उचलत नाहीत. दत्तराव म्हणले, आता शांत बस.

२२ नोव्हेंबर
शांत बसलो नाही. गौराबाईंना सुधारित रिव्ह्यू लिहून पाठवला : सानिकानं बँक सोडू नये. यशोधननं उठून आईचा हात धरावा. लेकरू नसलं तरी चालतं. सिरीयल पडंल, पण घर उभं राहील.
तासाभरानं उत्तर. नुसते जोडलेले हात.
नमस्कार म्हणजे मान. बोलणी परत सुरू. मॅनेजरकडं आठ दिवसांची सुट्टी मागितली, आकाशी शर्ट इस्त्रीला दिला. मुंजाजी म्हणला, येड्या, हात जोडले म्हणजे पुरे कर म्हणायल्यात. मुंजाजीला सिनेमा कळत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
दुसरी बायको आली. आजच्याच एपिसोडला. एकाच रंगाच्या साड्या, मोरपंखी. किचनमधल्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं.
अन् पहिल्याच ब्रेकला गौराबाईंचा फोन. शर्ट परत आलेलाच होता.
म्हणल्या, तुमी म्हणलेलं अगदी तसंच झालं बगा. आता तिसरी कधी येती.
म्हणलो, दहा-बारा दिवसांत. मग धीर करून विचारलं, महेश्वरी काय म्हणते.
त्या म्हणल्या, तिची तर परवाच सुपारी फुटली. पाथरीचाच पोरगा हाय. त्याला सिरीयलचं विचारलं तर म्हणला, आमच्याकडं टीव्हीच न्हाई. घरातल्या सगळ्यांना लय आवडला.
मग म्हणल्या, ठेवते, सिरीयल लागली.
सुट्टी मंजूर झाली होती. रद्द करायला गेलो. मॅनेजर म्हणला, नक्की का. नक्की म्हणलो.

२ डिसेंबर
गौराबाई आता रोज ब्रेकला फोन करतात. सोयरीक नाही तर मोकळं बोलता येतं म्हणतात. आज मागून महेश्वरी म्हणली, आत्या, त्या दादाला विचार ना, सानिका परत बँकेत जाईल का.
दादाला.
कथेच्या हिशोबानं जाऊ नये. गेली की दोन आठवड्यांत सिरीयल बंद.
मी सांगितलं, जाईल.