वहिनीसाठी फ्रेंच भयपट

पाचव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं आणि श्रावस्ती हॉस्पिटलमधून घरी आली, तेव्हापासून दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळे हळू आवाजात बोलत होते. काल तीच नणंदेला म्हणाली, "लुंबिनी, काहीतरी भीतीदायक दे यार. सगळे मला कॉमेडीच दाखवतात."

दोघी भयपटांच्या जुन्या शौकीन. सकाळी श्रावस्तीचा नवरा संघपाल ऑफिसला गेला होता, वहिनी झोपली होती. गुरुग्रामच्या ऑफिसची कॅब येईपर्यंत लुंबिनीने चिठ्ठी लिहून टीव्हीला चिकटवली.

"वहिनी, पेनड्राइव्हमध्ये नवे फ्रेंच सिनेमे आहेत. आधी कोळ्यांचा बघ. भीतीही वाटते आणि त्यातली माणसंही आवडतात. मग खाणीतला. त्यात रक्त बरंच आहे, जेवताना लावू नकोस. सबटायटल्स चालू ठेव, डबिंग अगदीच भिकार आहे. कुकरमध्ये खिचडी आहे. आणि दादाला एक फोन कर. तो स्वतःहून करणार नाही, पण वाट बघत असतो. लुंबिनी."

सगळ्यांत सरस सिनेमा एका गरोदर बाईचा होता, दोघींनी त्याबद्दल आधीच वाचलेला. तो तिने पेनड्राइव्हमधून काढून टाकला होता.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा चिठ्ठीखाली वहिनीचं अक्षर होतं. "कोळ्यांना जाम घाबरले. खाणीतला ठीकठाक. गरोदर बाईचा तू गाळलास, ते लक्षात आलं. बरं केलंस. संघपालला फोन केला. बोलणं काही झालं नाही, दोघंही नुसते रडलो. तो लवकर निघतोय. मी पडते जरा, चहाला उठव."

लुंबिनीने पर्स खाली ठेवली आणि तिघांचा चहा टाकला.