अर्धा कोयता

प्रिय आम्रपालीअक्का,

सप्रेम जय भीम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आश्रुबा दाजी दवाखान्याबाहेर बाकावर चहा पीत बसलेत, त्यांच्याच हाती पाठवतेय. मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, आत जाऊन डायलिसिसचे पेशंट बघते, परत येते तर काय लिहायचं तेच विसरलेलं असतं.

काल संशोधनाच्या मीटिंगला स्क्रीनवर परदेशातले डॉक्टर होते. त्यांच्याकडंही ऊसतोड्यांच्या किडन्या ऐन उमेदीत निकामी होतात. एकानं विचारलं, तुमच्या बायका उन्हात राबून पाणी का पीत नाहीत? मी आईचं बोलणं सांगितलं, उसाच्या फडात ती तुला म्हणायची ते, "पाणी बेतानं पी गं, बाईमाणसाला आडोसा न्हाई." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मला मात्र तुझाच राग आला. जगापुढं मी तुमचं दुखणं मांडत फिरते आणि सख्खी बहीण किडनी तपासणीच्या शिबिराला फिरकत नाही! तुमच्या युसूफ वडगाव गावात तर तुझ्या दारासमोर मांडव घातला होता. अख्ख्या गावानं तपासणीला रक्त दिलं, आणि तू म्हणे शेळ्या घेऊन रानात.

चुलत्यांच्या अनिलच्या लग्नात तुझ्या पायात आहेराची जोडवी घालताना घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. मी तिथंच बोलले, किडनी तपासून घे. तू हसण्यावारी नेलंस, "डागदरीन बाई, कावून डोकं खाती? उभं राहून पाय सुजत्यात." अक्का, उभं राहून पाय सुजतात, सकाळी डोळे सुजत नाहीत गं. तेव्हापासून डोक्यात नुसता भुंगा लागलाय. वाटलं, सुईला भीत असशील. वाटलं, तुला फडावर नेलं आणि मला वसतिगृहात ठेवलं, त्याचा सल असेल. दसरा झाला, आता ऊसतोडीच्या टोळीची गाडी गावात येईल आणि तू तशीच चढशील, या धास्तीनं हातातलं कामही नीट होत नाही.

आज सकाळी तुझी मंगल आली. एकटीच, कपड्यांची पिशवी घेऊन. दारातच रडायला लागली. "मावशे, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. आई आजारी निघाली तर तिच्या जागी मला चढावं लागंल, बारावी सुटंल. म्हणून ती तपासूच देईना." तुझा राग पार गेला गं. पोरीला धरून मीही रडले. मागोमाग तिला शोधत दाजी आले. त्यांना स्पष्ट सांगितलं, बारावी होईपर्यंत मंगल माझ्याकडं राहणार. त्यांनी पोरीची पिशवी उचलून आत ठेवली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी एकला म्हंजी अर्धा कोयता. यंदा गाडीलाच न्हाई म्हणतो." तेव्हा उद्या त्यांच्याबरोबर इकडं ये. तुझ्या जागी आता मंगलला चढावं लागणार नाही, अक्का. आता तू बिनघोर आजारी पड.

वाट बघतेय.

तुझीच,
यशोधरा