श्वास ऐकू येतो

२ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक बादली आणि माझी जुनी इस्त्री घेऊन तीन जिने चढले. आईनं दाराआडून विचारलं, कोण? मी म्हटलं, मी. एवढ्यावर कडी निघाली. तिला आता दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही, पण माझं 'मी' कानावर पडलं तशी तोंडभर हसली आणि म्हणाली, आला गं बाई माझा भोंगा. लहानपणापासून मी तिचा भोंगाच. आवाजच तसा. नाकातला, फाटका, आणि बोलून झालं की उगाच एक फिस्सकन हसू. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री केली. तिथं मशीनच्या धडधडीवर ओरडून ओरडून तो आणखी रापला, आणि वाफेनं छाती भरली ती वेगळीच. आता तिथं नवी मशीन आली आणि मला घरी बसवलं. बसवलं तर बसवलं. आई एकटीच होती, परवा शेगडीवर हात भाजून घेतला तिनं. आता रांधायचं मी, बसून खायचं तिनं, आणि वर मला नावंही तिनंच ठेवायची.

ही वही शेजारच्या शिंपिणीची. मी गुणगुणत जिना चढले ते तिनं ऐकलं आणि सामान उतरवायच्या आत दारात हजर. घरच्या घरी गाणारांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात ये म्हणाली. ग्रुपातल्या प्रत्येकानं रोज वहीत चार ओळी लिहायच्या म्हणे. वहीच्या पहिल्या पानावर कुणाच्या तरी कंबरेचं माप आहे. भरपूर आहे कंबर. माझं शिक्षण चौथी. लिहिते जमेल तसं.

४ मार्च, बुधवार

आज पहिलं गाणं टाकलं. त्याची रीत अशी. एका कानात इअरफोन घालायचा, त्यात नुसता बाजा वाजतो. दुसरा कान मोकळा, स्वतःचा आवाज ऐकायला. आणि बसायचं कपाटात! शिंपीण म्हणाली, भिंतीतल्या कपाटात कपड्यांच्या मधोमध बसलं की आवाज घुमत नाही. आईचं कपाट ऐसपैस आहे. तिच्या गोधड्यांवर मांडी घातली, दार ओढून घेतलं, बिजागरी करकरली ती करकरली, आणि जुनं एक वाट बघायचं गाणं होतं ते म्हटलं. बाहेर आई खाटेवर ताल धरून. संपल्यावर म्हणाली की म्हैस रेकली तरी बरी, पण म्हैस माझीच आहे, ओळखू येते.

ग्रुपात एक बेकरीवाला आहे, एक दाताची डॉक्टरीण, एक नर्स, असे वीसेक जण. वर एक मास्तर. त्याला कुणी पाहिलेलं नाही, तो नुसता लिहितो. नियम एकच. प्रत्येक गाण्याला एक गुण सांगायचा, एक दोष. दोष वहीत लिहायचा, सराव करायचा, आणि गेला की त्यावर रेघ मारायची. मला गुण सांगितला, सुराला पक्की. दोष पहिला, नाकात गाते.

सगळ्यांची गाणी ऐकली. छान गातात, पण मेली सगळी एकसारखी. स्क्रीनवर नाव वाचल्याशिवाय बेकरीवाला कुठला आणि त्याच्या पुढचा कुठला, कळेना.

७ मार्च, शनिवार

नाकातलं गेलं. तीन दिवस तेच गाणं म्हटलं, आज रेघ मारली, आणि खरंच गेलं. बोलण्यातूनही गेलं. दोष दुसरा, शब्दाचं शेपूट गिळते. तोही घालवेन.

दुपारी शिंपिणीकडे चहा प्यायले. तिच्या लेकाचा परगावाहून फोन आला. ती बोलत होती आणि तो पुन्हा पुन्हा विचारत होता, कोण बोलतंय, आईला द्या. तिनं हसून फोन ठेवला. म्हणाली, पोरगा कामात असतो. मग बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. दोरा ओवलेलाच होता.

१० मार्च, मंगळवार

मला हे थेंबथेंब जमत नाही. दुसराही गेला, पण तीन दिवसांत एक दोष, म्हणजे मी मेल्यावर गायला लागणार. मी ग्रुपात सरळ लिहिलं, काय ते एकदाच सांगा. मास्तरनं दहा दोष पाठवले. वरच्या सुराला आवाज फाटतो. 'स' शिट्टीसारखा वाजतो. ओळ उचलताना खाकरते. गाणं संपलं की फिस्सकन हसते. असे सगळे. वहीत उतरवले, तीन ते बारा.

आणि सराव कोण करतो! आधी रेघा मारल्या, गाणं मग म्हटलं. गंमत म्हणजे सगळे गेलेले. एक फाटलं नाही, एक शिट्टी नाही. लोण्यासारखा आवाज. माझाच का हा, म्हणून दोनदा लावून बघितला.

बाराव्यावर रेघ राहिली. दूध उतू गेलं म्हणून पळाले. बारावा दोष, श्वास ऐकू येतो. तो जायचाही नाही म्हणा, छातीत भाता आहे माझ्या.

१२ मार्च, गुरुवार

ग्रुपात वाहवा. नर्सनं तर लिहिलं की कोण गातंय तेच कळत नाही.

भाजी घेऊन आले. आईनं विचारलं, कोण? मी म्हटलं, मी. पुन्हा विचारलं, कोण? मी म्हटलं, अगं मी. दार उघडायला वेळ लावला. म्हणाली, सर्दी झालीय का, काढा करून घे.

१४ मार्च, शनिवार

आज चार वेळा विचारलं. जेवताना मध्येच थांबून विचारलं की माझी मुलगी कुठं गेलीय, कधी येते. मी तुझीच मुलगी म्हणून ओरडले. तर ताट सोडून भिंतीशी सरकली. मी ओरडले की ही खदखदून हसायची इतकी वर्षं.

शिंपिणीला जाऊन धरलं. तिनं मशीन थांबवलं आणि विचारलं की काही शिल्लक ठेवलंयस का. म्हटलं, श्वासाचा तेवढा राहिलाय. तर माझे दोन्ही हात धरून म्हणाली की त्यावर रेघ मारू नकोस, काही झालं तरी. तिनं स्वतः सगळे घालवलेत. परत आणता येतात का विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग सांगणार कधी होतीस, विचारलं. म्हणाली, तू माझ्यासारखी हळूहळू जाशील असं वाटलं होतं, वेळ होता. एका दिवसात सगळे उडवशील हे ध्यानात आलं नाही.

१५ मार्च, रविवार

ग्रुपात एक नवीन बाई आलीय. नाव लावलंय भोंगा.

हे नाव आईशिवाय कुणाला ठाऊक नाही.

तिनं माझंच गाणं टाकलंय. नाकात. शब्दाचं शेपूट गिळून. वर जाऊन फाटलंय, शेवटी फिस्सकन हसलीय. फक्त एक वेगळं. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, मध्ये कुठंच श्वास घेत नाही. संपताना मागे बिजागरी करकरली.

ग्रुपात सगळे रडले. बेकरीवाल्यानं लिहिलं, कितीतरी दिवसांनी माणूस गाताना ऐकलं. मास्तरनं पहिल्यांदाच दोष सांगितला नाही.

मी कपाट उघडून बघितलं. गोधड्या. मधोमध बसल्याचा खळगा, तो माझाही असेल.

१७ मार्च

बाजारातून आले तर आई कपाटाच्या दाराशी टेकून बसलेली, गप्पा चाललेल्या. कुठं होतीस इतके दिवस म्हणून लाडानं रागावत होती. आतून मी बोलत होते.

मी म्हणजे—जशी मी बोलायचे तशी.

दार ओढलं. कोणी नाही. आईनं मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

१९ मार्च

दोन दिवस माझ्या हातचं खात नाही. आवाज सांगतो, खा गं आई. आई म्हणते, तू भरव. आवाजाला हात कुठले! तो गातो, हसतो, तिच्याशी जुन्या गोष्टी काढतो, माझ्या लहानपणच्या, मी विसरलेल्या. पाण्याचा पेला मात्र तिला देता येत नाही.

मी म्हटलं, माझे हात तरी बघ. मनगटावरचा इस्त्रीचा डाग तिच्या बोटाखाली धरला. तिनं चाचपला. ओळखला. ओठ पांढरे पडले तिचे.

म्हणाली, माझ्या पोरीचे हात काढून घातलेस तू?

२० मार्च

आईच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आत्ताच तर मुलीचा फोन येऊन गेला, आई मजेत आहे, भरपेट जेवते. तुम्ही कोण?

मी म्हटलं, मी. त्यांनी ठेवला.

जुना आवाज परत यावा म्हणून गरम राख हुंगली. मिरचीचं पाणी प्यायले. गच्चीवर जाऊन गळा फाटेस्तोवर ओरडले. गळा फाटला नाही. लोण्यासारखा.

रेघांवर ओलं बोट घासलं. कागद फाटला, शब्द आले नाहीत.

२१ मार्च

आई कपाटात शिरून बसलीय. गोधडीवर. ओठांना भेगा.

मला एक सुचलं. बोललेच नाही. वाटीत मऊ भात घेऊन गुडघ्यांवर सरकत गेले. आत ती बोलत होती, हे घे आई, आ कर. मी घास पुढे केला.

खाल्ला.

सहा घास. पाणी प्यायली. माझी बोटं चाटली, म्हणाली, मीठ बेताचंच घालतेस तू नेहमी. आवाज हसला, फिस्सकन. माझंच हसू. मी तोंडात पदर कोंबला.

असंच राहायचं मग. ती बोलेल, मी भरवेन. 'मी' म्हणायचं नाही कधी. चालेल. आई जगली म्हणजे झालं.

२२ मार्च

सहा घास सकाळी. चार दुपारी.

पाचव्याला थांबली. कान टवकारले. विचारलं, इथं अजून कोण आहे?

मी हललेही नव्हते. छातीत भाता—

श्वास धरला. कितीदा धरायचा? सुटला. आईनं वाटी उडवली.

२३ मार्च

नाही खात. घास जवळ नेला की श्वास ऐकते. त्या बाईला आधी घालव म्हणते. रडते, पण डोळ्यांत पाणीच नाही आता.

तोंडाला टॉवेल बांधला. घशातून घरघर. उशी धरली. तरी ऐकते. तिला दुसरं काय येतं, ऐकण्याशिवाय.

शिंपीण दारात येऊन गेली. काही बोलली नाही. बोलून काय, मला कळलं तरी असतं का तीच बोलतेय ते.

ग्रुपात भोंग्याचं नवीन गाणं. मास्तरनं खाली लिहिलंय—हिच्यात एकच कमी. श्वास नाही.

२४ मार्च

वही मांडीवर. पान तेच. अकरा रेघा.

बारावा. श्वास ऐकू येतो.

आई माझ्या समोर. हाडं आणि कान. आतून ती—माझ्या आवाजात—म्हणते, एवढंच राहिलंय गं, मग जेवेल ती.

एवढंच ना. एकदाचं होऊन जाऊ दे.

डाव्या हातात घास. आईच्या ओठांना लावलाय. उजव्या हातानं रेघ—

निम्मी झाली. घरघर थांबली. आईनं मान वर केली, हसली. तोंड उघडलं—घेतला—घेतला तिनं

आतून कुणीतरी मोठा श्वास घेतला

अगं पण—पुढचा घास कोण भरव