ढालीवरच्या हेजहॉगचे डोळे

मिल्टन कीन्स,
रविवार

ती. यतीनमामा,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींची शुगर आटोक्यात असेल, असं धरून चालते. इकडे घरचे सगळे मजेत. मी मात्र कालपासून एका जागी बसलेली नाही (हे पत्रही ओट्यापाशी उभी राहून लिहितेय).

आमच्या भागाचं फ्रान्समधल्या एका चिमुकल्या गावाशी जुळ्याचं नातं आहे. म्हणजे वर्षाआड एकमेकांकडे जायचं, चीज खायचं आणि भाषणं ऐकायची. यंदा कमिटीत मला घेतलं (आठ वर्षांत पहिल्यांदाच कुणी कशात घेतलं, म्हणून लगेच हो म्हटलं) आणि त्या गावाचं मानचिन्ह फळीवर रंगवायला दिलं. नमुना म्हणून एक पुसट फोटो. निळी ढाल, मधून पांढरी नागमोडी नदी, खाली तपकिरी काटेरी गोळा. मला तो हेजहॉग वाटला, आपल्या साळिंदराचा छोटा इंग्रज भाऊ. फोटोत तोंड दिसेना, म्हणून मी पदरचे दोन डोळे आणि एक नाक दिलं. वर काल पाहुण्यांसमोर भाषणही ठोकलं, की हेजहॉग म्हणजे संकटात अंग आवळून टिकून राहणारं गाव. (टाळ्या पडल्या. फ्रेंच मंडळींच्या नाहीत.)

मग त्यांच्या सरपंच, सत्तरीच्या मादाम ओडेट, फळीजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"हे चेस्टनट आहे," त्या तोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या. "काटेरी सालीतलं फळ. दुष्काळात गावाने दोन हिवाळे एवढंच खाऊन काढले. म्हणून ते ढालीवर."

खिडकीतून उडी टाकावीशी वाटली, पण हॉल तळमजल्यावर. डोळे खोडायला मी ब्रश शोधू लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. माझी आजी चेस्टनटशी आधी बोलायची, मगच सोलायची. तिला हे डोळे आवडले असते."

मामा, मी चारचौघांत रडले. फळी आज त्यांच्याबरोबर फ्रान्सला गेली.

तुमची,
वैभवी

ता. क. आपल्या कोळवडीलाही मानचिन्ह आहे, असं मी त्या रडण्याच्या भरात सांगून बसले. मे महिन्यात ते घेऊन फ्रान्सला जायचंय. तुम्ही चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीत, तेव्हा एक काढून पाठवा. जरा जुनं दिसू द्या.

ता. क. २. त्यात कासव आहे, असं सांगून झालंय. कासवच का, हे मादामनी विचारलं. मी म्हटलं, ते मामा सांगतील. बुधवारी त्या तुम्हाला व्हिडिओ कॉल करणार आहेत.